गळाचे दुसरे टोक

एम.ए.च्या वर्गात 'एकनाथी भागवता'तले अवधूताच्या चोवीस गुरूंचे प्रकरण आले की वर्ग थोडा सैलावतो. दृष्टांत सोपे असतात आणि परीक्षेतले उत्तर ठरलेले असते. पतंग रूपाला भुलतो, हत्ती स्पर्शाला, हरिण नादाला आणि मासा जिभेच्या चवीला. गळाला लावलेले आमिष त्याने गिळले की संपले. म्हणून साधकाने इतर इंद्रियांआधी रसना जिंकावी. मूळ भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या आठव्या अध्यायाचा हा आशय. १५७३ साली काशीत आपली टीका पूर्ण करणाऱ्या नाथांनी तो नेहमीच्या प्रेमाने फुलवला आहे. मी तो बरीच वर्षे शिकवत आले आहे.

मध्यंतरी एका तासाला याच जागी मागच्या बाकावरून हात वर आला. भोगावतीकाठच्या गावचा मुलगा, घरचा परंपरेचा धंदा मासेमारीचा. "मॅडम, एक सांगू काय? सगळा मासा चवीला भुलून लागत न्हाई. मरळ तर रागानं धरत्या. संगं पिल्लं असली की जवळ काय बी आलं तरी अंगावर जात्या. भूक नसत्या तवा तिला." वर्ग हसला. मीही हसले, आणि दृष्टांत शब्दशः घ्यायचा नसतो वगैरे सांगून पुढच्या ओवीकडे वळले.

ते हसणे मला नंतर बरेच दिवस खुपत राहिले. कारण मुलगा खरे बोलत होता. मरळीची पिल्ले पाण्याच्या पृष्ठभागाशी थव्याने फिरतात आणि मोठे मासे खालून त्यांची राखण करतात. त्या थव्याजवळ बेडूक येवो, काडी पडो, गळ पडो, मरळ त्यावर तुटून पडते. नाथांच्या ओवीने याचे काही बिघडत नाही, हे मलाही कळते. पण दृष्टांताला जो अनुभवाचा आधार लागतो तो वर्गातल्या एकाच माणसाकडे होता, आणि तो माणूस शिक्षक नव्हता. त्याने बोट ठेवले होते ती गोष्ट आपल्या एकूण साहित्यव्यवहाराला लागू आहे असे मला वाटू लागले आहे. आपण गळाकडे नेहमी माशाच्या तोंडाकडून पाहिले. गळाचे दुसरे टोक कुणाच्या तरी हातात असते, त्या हाताला काही ठाऊक असते, याची मराठी वाङ्मयाने फारशी चौकशी केलेली नाही.

हे लक्षात यायला निमित्त झाले एका परक्या माशाचे. नॉर्मन मॅक्लीन या अमेरिकन लेखकाची 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' ही दीर्घकथा (१९७६) त्याच सुमारास वाचत होते. रॉबर्ट रेडफोर्डने तिच्यावर १९९२ मध्ये केलेला चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. मॅक्लीन शिकागो विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने हे आपले पहिले ललित पुस्तक प्रसिद्ध केले. (आपल्या व्यवसायातल्या मंडळींना यात थोडा दिलासा आहे.) मोंटाना राज्यातल्या डोंगरी नदीवर ट्राऊट नावाचा मासा पकडणारे दोन भाऊ आणि त्यांचे धर्मोपदेशक वडील यांची ही गोष्ट. वडील मुलांना गळ फेकायला शिकवतात तेही तालमापक यंत्र लावून, चार मात्रांत. धाकटा भाऊ या कलेत असामान्य आहे आणि आयुष्यात घसरत चालला आहे. त्याला सावरणे कुणालाच जमत नाही. कथेत मासे पकडण्याचे बारीकसारीक तपशील पानेच्या पाने येतात, आणि वाचताना जाणवते की घरातले जे एकमेकांशी बोलता येत नाही ते या तपशिलांत ठेवलेले आहे. तपशील काढून टाकला तर कथा उरत नाही.

हा प्रकार आपल्याकडे नाही, म्हणून थोडे स्पष्ट करायला हवे. ट्राऊट थंड, वाहत्या, खळाळत्या पाण्यातला मासा. पाणी विसेक अंश सेल्सिअसच्या वर तापले की तो कासावीस होतो, त्यामुळे उन्हाळ्यात डबक्या-डबक्यांत तुटणाऱ्या सह्याद्रीच्या नद्या त्याच्या कामाच्या नाहीत. भारतात तो आहे, पण आणलेला. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून त्याची अंडी काश्मीरला आली, पुढे कुलूच्या बाजूला आणि निलगिरीतही तो वसवला गेला. आपल्याकडचे प्रवासी पहलगामला लिद्दर नदीकाठी जो मासा तळून खातात, तो हाच. त्याचे बरेचसे खाणे म्हणजे पाण्यातले कीटक. हे कीटक दगडांच्या आडोशाला अळीच्या रूपात महिनोन्‌महिने काढतात आणि एखाद्या संध्याकाळी पृष्ठभागावर येऊन पंख पसरतात. त्यांतल्या काहींचे पंख फुटल्यानंतरचे आयुष्य एखाद्या दिवसाचेच. मासेमार त्या कीटकाची प्रतिकृती करतो: आकड्यावर पिसे, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली 'माशी'. तिला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती दगडासारखी भिरकावता येत नाही. वजन दोरीला असते. दोरी हवेत मागे-पुढे खेळवून अशी सोडायची की टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरावी. याला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. मराठीत माशीने मासा धरणे म्हणावे तर कोटी केल्यासारखे वाटते, पण प्रकार तोच आहे.

मला गंमत वाटली ती वेगळीच. या माशीला चव नसते. पिसाला कसली चव? मासा फसतो तो डोळ्यांनी. म्हणजे अवधूताच्या यादीतला पतंगाचा दोष इथे माशाकडे आला. मरळ रागाने फसते, ट्राऊट रूपाने. 'रसनेने फसणारा मासा' ही गांडूळ किंवा कणकेची गोळी लावलेल्या गळाची गोष्ट झाली, आणि तिथेही पाणी गढूळ असताना निराळे, निवळल्यावर निराळे. एवढे ठाऊक असलेला शिक्षक तोच दृष्टांत अधिक चांगला शिकवील, असे मला वाटते.

इंग्रजीत या विषयावर मोठी परंपरा आहे. १४९६ साली छापलेल्या एका छोट्या प्रबंधात, जो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या स्त्रीच्या नावावर सांगतात, महिन्यांनुसार वापरायच्या बारा माश्यांचे वर्णन आहे. आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ चे. राजाचा शिरच्छेद आणि यादवी युद्ध पाहिलेल्या माणसाने नदीकाठचे संवाद लिहिले, आणि त्याला उपशीर्षक देताना हा चिंतनशील माणसाचा विरंगुळा आहे असे म्हटले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफर्डने आग्रह धरला की माशी तरंगतीच हवी आणि ती त्या घडीला पाण्यावर असलेल्या कीटकाची तंतोतंत नक्कल हवी. त्यावर स्क्यूज या वकिलाने १९१० साली उलटे मांडले: मासा आपले बहुतेक खाणे पाण्याखालीच खातो, तेव्हा पृष्ठभागावरच्या तंतोतंतपणाचे एवढे स्तोम कशाला? हा वाद पुढची काही दशके चालू राहिला. वास्तववादावर आपल्याकडे झालेल्या चर्चांची आठवण यावी असाच हा वाद आहे. फरक इतका की इथे निकाल द्यायला मासा होता.

आता माझे मत आधीच सांगून टाकते, नाहीतर हा लेख परक्या छंदाचे कौतुक म्हणून वाचला जाईल. खाण्यासाठी मासा धरणे मला समजते. नुसता खेळवून, दमवून, फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडणे मला तितकेसे समजत नाही, आणि सोडले म्हणजे हिंसा झाली नाही हे म्हणणे तर मुळीच पटत नाही. आपल्या भाषेचाही याला पाठिंबा दिसतो. 'मासेमारी' या शब्दातच मारणे आहे, सोडण्यासाठी पकडणे याला आपल्याकडे शब्द नाही. न मारण्याची आपली पद्धत वेगळी आहे. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत मोठाले मासे आहेत. ते वरदायिनी देवीचे, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही, लोक चुरमुरे टाकून त्यांचे दर्शन घेतात. हे मासे म्हणजे इंग्रज शिकाऱ्यांनी ज्याच्यासाठी रात्री जागवल्या तो महसीर. हेन्री सलिव्हन थॉमस या सनदी अधिकाऱ्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली मंगळूरला छापले गेले, त्याचा नायक हाच मासा. एकाच माशाभोवती एकीकडे देवस्थान झाले आणि दुसरीकडे पुस्तक. मला देवस्थान अधिक प्रिय आहे, पण पुस्तकाचा हेवा वाटतो.

आणि हेवा वाटायचे खरे तर कारण नाही, कारण असे लेखन आपल्याच मुलुखात झालेले आहे. 'मानसोल्लास' हे नाव मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, शके १०५१ म्हणजे इ.स. ११२९. मराठीच्या उगमकाळाच्या प्रश्नोत्तरांत हा ग्रंथ हमखास येतो, कारण त्यात काही मराठी पदे आली आहेत आणि महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. आपण तेवढे वेचून घेतो आणि ग्रंथ मिटतो. पाच विंशतींच्या आणि शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजाच्या विनोदांचा स्वतंत्र भाग आहे, आणि त्यात मृगया, श्येनविनोद यांच्या पंगतीला 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. विषय: गळाने मासे धरणे. माशांच्या तीसहून अधिक जाती, समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, लहान आणि मोठे, अशी त्यांची वाटणी. कुठला मासा काय खातो, कुणाला कसले आमिष द्यावे, पाण्यात आधी खाणे टाकून मासा त्या जागेला कसा सवकवावा, दोरी आणि काठी कशाची करावी. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. म्हणजे बर्नर्सबाईंच्या प्रबंधाच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधी दख्खनच्या पठारावर हे लिहिले गेले होते.

'बघा, आमच्याकडे आधीच होते' असे म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही, तसे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई नाही. मला प्रश्न पडतो तो आपल्या वाचनाचा. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला हा ग्रंथ आपल्या ग्रंथालयांतून मिळू शकतो. मराठीचा पुरावा म्हणून आपण तो उघडतो आणि त्यातले मासे पाहत नाही. आणि राजाला तरी ही माहिती कुठून मिळाली असेल? कुणा भोयाने, कुणा कोळ्याने दिलेली असणार. राजाचे नाव ग्रंथावर राहिले. त्याची तक्रार नको, पण निदान ते ज्ञान लिहिण्याजोगे आहे असे त्याला वाटले. पुढच्या आठशे वर्षांत आपल्या पंडितांना, कवींना आणि प्राध्यापकांना तसे फारसे वाटलेले दिसत नाही.

भाषेत मात्र गळ आहेच. 'गळाला लागणे' म्हणजे फसणे. 'गळ टाकून बसणे' म्हणजे कुणाच्या तरी वाईटावर टपून असणे. ('गळ घालणे' यातली गळ स्त्रीलिंगी, ती निराळी. विद्यार्थी दोन्हींची सरमिसळ करतात.) माशासाठी निश्चल बसणारा बगळा तर दांभिकतेचे प्रतीकच होऊन बसला. वाक्प्रचारांत गळ टाकणारा कपटी आहे आणि मासा मूर्ख. अवधूताच्या गुरूंमध्ये बाण सरळ करण्यात गुंगलेला, शेजारून राजाची मिरवणूक गेलेली न कळणारा बाण बनवणारा कारागीर आहे, त्याची एकाग्रता साधकाने घ्यावी असे सांगितले आहे. तीच एकाग्रता गळ धरून बसलेल्यापाशी असते, पण ती कुणाला गुरुस्थानी दिसली नाही. यादीत कोळीही आहे, पण तो जाळे विणणारा किडा. जाळे टाकणारा कोळी नाही.

पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा अनुवाद १९६५ साली केला तेव्हा त्याला 'एका कोळियाने' असे नाव दिले. शाळेच्या कवितेतला पुन्हापुन्हा पडून चढणारा कोळी आणि समुद्रावरचा म्हातारा कोळी, दोघे त्या एका शब्दात एकत्र आले. अनुवादाचे शीर्षक मुळाहून समृद्ध असण्याची जी थोडी उदाहरणे आहेत त्यांत मी हे धरते. पण त्या पुस्तकाचे आपण जे स्वागत केले तेही मुख्यतः माणसाच्या जिद्दीची कहाणी म्हणून. दोरी हाताला कशी कापते, मासा किती खोलीवर आहे हे दोरीच्या ताणावरून कसे कळते, हे आपल्या चर्चेत 'वातावरणनिर्मिती' या सदरात गेले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आजही ते तिथेच सापडते. वातावरण म्हणजे जे काढले तरी चालते ते, अशी आपली एक समजूत झालेली आहे.

१९७८ च्या 'बलुतं'पासून पुढे आत्मकथनांनी ही समजूत बरीच मोडली. काम, हत्यारे, कामाची भाषा, त्या कामातले अपमान आणि कौशल्य हे सगळे मराठी गद्यात आले आणि ते काढले तर काही उरत नाही हे वाचकांना कळले. नदीवरच्या माणसाला मात्र आपल्या अभ्यासक्रमांत अजून जागा मिळालेली नाही. समुद्रकाठ तरी अधूनमधून येतो. नदी कवितेत येते, घाट येतो, पूर येतो. पंचगंगेच्या पुरावर कोल्हापुरात २००५, २०१९ आणि २०२१ नंतर केवढे लिहिले गेले. नदीतला मासा मात्र बातमीत येतो तो मेल्यावर. उन्हाळा तोंडावर आला, पाणी थांबले आणि वरून सांडपाणी उतरले की शिरोळच्या बाजूला, तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याची छायाचित्रे छापून येतात. मासे कुठले होते, त्यांची नावे काय, हे त्या बातमीत सहसा नसते.

नावे आहेत, पण ती कुठे आहेत ते पाहावे. १८२४ ते १८३१ या काळात कर्नल साइक्स हा कंपनीचा अधिकारी दख्खनची पाहणी करत फिरत होता. त्याच वर्षांत मोल्सवर्थ आणि त्याचे सहकारी मराठी शब्द गोळा करत होते आणि १८३१ साली त्यांचा कोश बाहेर आला. मोल्सवर्थ आपल्याला माहीत आहे, साइक्स फारसा नाही. त्याने दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला आणि माशांना शास्त्रीय नावे देताना लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन साच्यात बसवली. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीराचे नाव 'खुद्री' झाले. आजही जगभर तो 'टॉर खुद्री' म्हणूनच ओळखला जातो. शिंगाळ्याचे 'सींघाला', शिंगटीचे 'सींगटी', कोळसाचे 'कोलस'. कृष्णेच्या खोऱ्यात नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असलेला एक मासा आहे, त्याचे नाव 'नुक्ता'. 'फुलंगी', 'बोगट', 'सांडखोल', 'टाकरी' अशी आणखी कितीतरी. दोनशे वर्षांपूर्वीच्या नदीकाठच्या मराठीचा हा लहानसा कोश लॅटिनच्या पोटात सुरक्षित राहिला आणि मराठीच्या प्राध्यापकांना त्याचा पत्ता नाही. मलाही चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत नव्हता.

नदीवर ही नावे आता किती उरली आहेत? आपल्या जिल्ह्याने देशाला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' दिला. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी अडवायचे, पुढचा पाऊस येण्याआधी काढायचे. उसाला त्याने काय दिले हे सांगायला नको. पण वाहती नदी वर्षातले सात-आठ महिने तळ्यांची माळ होते, आणि वाहत्या पाण्यातल्या माशाला तळे मानवतेच असे नाही. पहिल्या पावसाला मासे ओढ्यांतून, शेताच्या चरांतून वर चढतात. चढणीचे मासे हा शब्द आमच्याकडे आणि कोकणात सारखाच प्रिय. कोकणात वलगणही म्हणतात. त्या चढणीवर अंडी घालायला निघालेले मासे असतात, हेही लक्षात ठेवायला हवे, कारण आपले सगळे लाडके स्मरणरंजन त्या रात्रीच्या माशांवर उभे आहे. बाजारात आज मिळतात ते बहुतेक कटला, रोहू आणि चिलापी. पहिले दोन गंगेच्या खोऱ्यातले, तिसरा मूळचा आफ्रिकेतला. तिघेही आपल्याकडे आणून सोडलेले, काश्मीरच्या ट्राऊटसारखेच.

आणि आपणही कुणाच्या तरी नदीत मासे सोडले आहेत. लोणावळ्याला टाटांच्या धरणांवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीराची पैदास झाली, डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे त्यातले काम थोर म्हणावे असेच आहे. तिथली खुद्रीची पिल्ले कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर वशिंड असलेला प्रचंड महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की त्याची जागा बाहेरून आलेल्या महसीराने घेतली आहे. त्या वशिंडवाल्या माशाला पक्के शास्त्रीय नाव मिळाले २०१८ साली. गळाने मासे धरणारे लोक दीड शतक ज्याच्या मागे होते, ज्याचे फोटो पुस्तकांतून छापले गेले, त्याची नीट ओळख पटेतो तो संपत आला होता. हेतू सगळ्यांचे चांगले होते.

याचा साहित्याशी काय संबंध, असे सहकारी विचारतात. एका ज्येष्ठांनी तर मला सुचवले की हे प्राणिशास्त्र विभागाकडे द्या. मी त्यांचा आदर करते, पण हे मला मान्य नाही. प्राणिशास्त्राला 'टॉर खुद्री' पुरेसे आहे. 'रागानं धरत्या' या वाक्यात जे ज्ञान आहे ते भाषेतच आहे, त्या क्रियापदात आहे, आणि ते जपणे हे मराठी विभागाचे काम आहे. दरवर्षी आपल्याकडे एम.ए.ला लघुप्रबंध लिहिले जातात. अमुक कादंबरीतील स्त्रीचित्रण, तमुक कवीची निसर्गप्रतिमा. निसर्गप्रतिमांवरचे प्रबंध मी तपासले आहेत. त्यांत 'मासा' ही प्रतिमा आली की ती चंचलतेची, तळमळीची किंवा वासनेची असते, आणि तो कुठला मासा हा प्रश्न कुणी विचारत नाही. कासावीस जीवाला पाण्याबाहेरच्या माशाची उपमा देणारी आपली सगळी संतवाणी ज्यांनी ऐकली त्यांतले बरेच लोक नदीवर जगणारे होते. त्यांना तो मासा ठाऊक होता. आपल्याला नाही. यात काही बिघडत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी निदान तसे उघड म्हणावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मासेमारी करणाऱ्या समाजातल्या मुलाला पुन्हा त्याच धंद्याच्या शब्दांकडे पाठवणे म्हणजे त्याला त्याच्या जातीत बांधून ठेवणे नव्हे काय? तो शिकायला आला आहे तो तिथून बाहेर पडण्यासाठी. हा प्रश्न मला टाळता येत नाही. मी तो त्या मुलालाच विचारला. तो म्हणाला, "मॅडम, माझं आजोबा नदीवर जायाचं, वडील सूतगिरणीत हाइत. मी बांधलेला न्हाईच. पण म्हायती असलेलं सांगाय काय जातंय?" त्याच्या वर्गातल्या शेतकऱ्याच्या मुलाने बैलांच्या रंगांवर आणि शिंगांवर प्रबंध लिहिला असता तर मला हा प्रश्न सुचला असता का, असे मग मी स्वतःला विचारले. नसता सुचला.

त्याने विषय बदलून घेतला आहे. आधी 'ग्रामीण कादंबरीतील संघर्ष' होता, आता 'भोगावती-पंचगंगा काठच्या मासेमारीची बोली'. विभागाच्या बैठकीत तो मंजूर व्हायला दोनदा पुढे ढकलला गेला, पण झाला. चिखलीच्या प्रयागापासून खालच्या काठची गावे त्याने निवडली आहेत. आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत. पिल्ले संगे असलेली मरळ धरू नये, धरली तर थवा दुसरे मासे खाऊन टाकतात, हे त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले आणि त्याने ते तारखेसह लिहून ठेवले आहे.

गेल्या आठवड्यात तो वही घेऊन आला होता. पानाला तीन रकाने पाडले आहेत: नाव, ते कोणत्या गावात ऐकले, मासा. मी त्याला साइक्सच्या यादीची प्रत दिली होती, ती आजोबांना वाचून दाखवली म्हणाला. लॅटिन उच्चार ऐकून म्हातारा खूप हसला आणि मग एकेक नाव दुरुस्त करत गेला. काही नावांपुढे तिसऱ्या रकान्यात त्याने मोबाइलवरचे फोटो पाहून नोंद केली आहे. काहींपुढे आजोबांचे वर्णन आहे: अंगठ्याएवढा, तांबूस शेपटीचा, खडकाला चिकटून राहणारा. आणि चार-पाच नावे अशी आहेत की ती आजोबांना आठवतात, त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली, पण त्या नावाचा मासा त्यांनी स्वतः पाहिलेला नाही. तिथे काय लिहू, असे तो विचारत होता. रकाना मोकळा ठेवला तर परीक्षक गुण कापतील अशी त्याला भीती आहे. मी म्हटले, मोकळाच ठेव, मी तोंडी परीक्षेला बसेन.